पिवळं सलाईन

मी पोचले तेव्हा आबा खाटेवर उताणे होते, डाव्या हाताला सलाईन लावलेलं होतं आणि ते सलाईन पिवळं होतं. बाटलीत मल्टिव्हिटॅमिनचं इंजेक्शन सोडलं की त्यातल्या बी-२ मुळे असा हळदीच्या पाण्यासारखा रंग येतो. नातेवाइकांना तो रंग बघून धीर येतो, काहीतरी ताकदीचं चाललंय असं वाटतं. मी २२ वर्षं वेंगुर्ल्यात मेडिकल चालवते, ती इंजेक्शनं मीही दवाखान्यांना पुरवली आहेत. पण त्या सकाळी तो पिवळा थेंब नळीत पडताना बघून माझे पाय थरथरायला लागले. भिंतीवरच्या घड्याळात आठ पंचवीस झाले होते. आबांच्या हातातून चहाचा कप सुटला होता सात दहाला.

वर्षभर हे लिहायचं टाळत होते. आता लिहायला बसले, कारण गेल्या पंधरा दिवसांत तिघांनी माझ्या काउंटरवर येऊन एकच प्रश्न विचारला. “आमच्या माणसाला स्ट्रोक झालाय. मेंदूसाठी अँटिऑक्सिडंटची कुठली गोळी चांगली?” तिसरी बाई माझ्याच वयाची होती. तिने मोबाइलवर एका स्ट्रिपचा फोटो दाखवला आणि म्हणाली, “कितीही महाग असली तरी चालेल.” तिला काउंटरवरून जे सांगता आलं नाही ते इथे सांगते.

आमचं घर आरवलीला. धाकटा भाऊ आणि आई-आबा तिथे, मोठा दादा मुंबईला, मी लग्न होऊन वेंगुर्ल्यात. गेल्या मे महिन्यात, रतांबे म्हणजे कोकमाची फळं काढायच्या दिवसांत, आबा पहाटे साडेपाचला उठले, गोठ्यात गेले, भावाशी आंब्याच्या पेट्यांबद्दल बोलले. सगळं नेहमीसारखं. ही साडेपाचची नि सात दहाची वेळ भावाच्या लक्षात राहिली यावर पुढचं सगळं अवलंबून होतं, हे तेव्हा आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. रुग्णालयात गेल्यावर पहिला प्रश्न तोच विचारतात: माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला?

कप पडला, तोंड उजवीकडे ओघळलं, उजवा हात लुळा पडला. आई म्हणाली, “वारो गेलो असतलो.” तिने खोबरेल गरम करून हात चोळायला घेतला. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत, आणि तिच्या हातात माया सोडून दुसरं काही नव्हतं. ती ४० मिनिटं मी तिच्या नावावर कधीच मांडणार नाही. सात पन्नासला भावाचा फोन आला. “ताई, आबांचा काय तरी झालाहा. बोलतत ता समाजना नाय.” मी म्हटलं, त्यांना हसायला सांग, दोन्ही हात वर करायला सांग. फोनमधून त्याचा आवाज येत होता, “आबानू, दोनी हात वर करा बगया,” आणि मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही.

शेजाऱ्यांची गाडी दारात होती. त्यांनी आबांना जवळात जवळ जो दवाखाना होता तिथे नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि पिवळं सलाईन लावलं. म्हणाले, “ताकदीचं देतोय, दुपारपर्यंत बघू, मग पुढे पाठवू.” तिथे सीटी स्कॅन नव्हता. मेंदूत गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झालाय हे सीटी केल्याशिवाय बाहेरून कुणालाच सांगता येत नाही, आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या अगदी उलट. दुपारपर्यंत थांबायला आमच्याकडे दुपार नव्हती. मी सलाईन काढायला सांगितलं. डॉक्टर रागावले. मी सही करून दिली, आठ पस्तीसला गाडी हलली आणि सातार्ड्यावरून पत्रादेवीला महामार्ग गाठून आम्ही गोव्यात शिरलो.

दहा वाजता मोठ्या रुग्णालयात. सव्वादहाला सीटी, रक्तस्राव नाही. दहा पन्नासला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आबांच्या शिरेत गेलं. हे औषध, आल्टेप्लेज, १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत तीन तासांच्या आत दिलं तर उपयोगी ठरलं. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीने ती मुदत साडेचार तासांपर्यंत नेली. आमची मुदत अकरा चाळीसला संपत होती. ५० मिनिटं शिल्लक राहिली.

प्रवासात मी मागच्या सीटवर आबांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मला तेव्हा एकच आकडा आठवत होता, औषधांच्या एका प्रशिक्षणात ऐकलेला. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली की उपचाराविना दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. जेफ्री सेव्हर या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने २००६ मध्ये हा हिशोब मांडला. चाळीस मिनिटांचे किती? सात कोटी साठ लाख. आबांची नेमकी कुठली वाहिनी बंद आहे हे मला माहीत नव्हतं, हा सरासरीचा आकडा त्यांना लागू पडेलच असंही नाही. पण हिशोब डोक्यातून जाईना. प्रत्येक गतिरोधकापाशी मी तो नव्याने करत होते.

आता अँटिऑक्सिडंटकडे येते. त्यामागची कल्पना खोटी नाही, ती चांगल्यापैकी खरी आहे. म्हणूनच ती इतकी पटते.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूतला सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा खातो. त्यात मेंदू बराचसा चरबीचा बनलेला, आणि तीही लवकर खवट होणारी चरबी. रक्त थांबलं की मधोमधचा भाग काही मिनिटांत मरतो. त्याच्याभोवती एक पट्टा असतो, जो मेलेला नसतो आणि धड जिवंतही नसतो. आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांमधून झिरपणाऱ्या रक्तावर तो तग धरून असतो. साऱ्या उपचारांची धडपड या पट्ट्यासाठी. तिथे पेशींमधलं रसायन बिघडतं आणि फ्री रॅडिकल्स तयार होतात, म्हणजे इलेक्ट्रॉनसाठी आसुसलेले, दिसेल त्याला ओरबाडणारे रेणू. आणि गुठळी सुटून रक्त परत आलं की प्राणवायूच्या त्या लोंढ्याबरोबर त्यांचा भडका आणखी वाढतो. विझत आलेल्या निखाऱ्यावर फुंकर मारली की जाळ होतो ना, तसं. उपचाराने आणलेलं रक्तच थोडी इजा करून जातं. मग कुणाही शहाण्या माणसाला वाटेलच की या भडक्यावर पाणी टाकणारं औषध सोबत द्यावं. ते पाणी म्हणजे अँटिऑक्सिडंट.

आबा नवव्या दिवशी घरी आले. सोबतच्या कागदावर एस्पिरिन, कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, बीपीच्या दोन गोळ्या, सिटिकोलिन, आणि शेवटच्या ओळीत एक अँटिऑक्सिडंट कॅप्सूल: लायकोपिन, बीटा-कॅरोटीन, सेलेनियम, झिंक, ई जीवनसत्त्व. अशा कॅप्सूलचं खोकं माझ्या दुकानात डाव्या हाताच्या तिसऱ्या फळीवर असतं. त्यावर औषधाचा परवाना क्रमांक नसतो, एफएसएसएआयचा असतो, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो खाद्यपदार्थ. आणि बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेलं असतं की हे औषधी वापरासाठी नाही. दुसऱ्या दिवशी ती ओळ मी चष्मा लावून परत वाचली. इतकी वर्षं मी ते खोकं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिलं होतं आणि ती ओळ कधी गिऱ्हाइकाला वाचून दाखवली नव्हती.

त्याच आठवड्यात दादा मुंबईहून आला. बॅगेत परदेशी बाटली: ४०० युनिटचं ई जीवनसत्त्व, द्राक्षाच्या बियांचा अर्क, को-एन्झाइम क्यू-१०. त्याने ओळखीतल्या कुणाकडून तरी विचारून, भरपूर पैसे घालून आणली होती. ओसरीवर बसल्याबसल्या त्याने झाकण उघडलं. मी म्हटलं, थांब. तो म्हणाला, “अगो, ह्या नॅचरल हा. ह्याचो काय त्रास होवचो नाय.” मी दोन दिवस मागितले. त्याला ते लागलं. आबा आजारी, आणि बहीण दुकानदारासारखी बाटलीचं लेबल वाचत बसली आहे, असं त्याला वाटलं असणार.

त्या दोन रात्री मी दुकान बंद झाल्यावर वाचत बसले. बी. फार्म.चं शिक्षण इतक्या वर्षांनी इतकं कामाला आलं नव्हतं.

सुरुवातीला मला आशेचा धागा मिळाला होता. इंग्लंडमध्ये ४८ रुग्णांचा एक अभ्यास झालाय. स्ट्रोकनंतर १२ तासांच्या आत त्यांच्यातल्या निम्म्यांना ८०० युनिट ई आणि ५०० मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व सुरू केलं, १४ दिवस दिलं. ज्यांना दिलं त्यांच्या रक्तातली अँटिऑक्सिडंट क्षमता वाढली, चरबी खवट झाल्याची खूण सांगणारं रसायन उतरलं. रात्री दोन वाजता हे वाचून मी उठून उभी राहिले. मग परत बसले आणि परत वाचलं. त्यांनी रक्त मोजलं होतं. माणूस चालू लागला का, बोलू लागला का, याचं उत्तर द्यायला ४८ जण पुरेसे नव्हते.

मोठी उत्तरं दुसरीकडे होती. भडका विझवण्यासाठीच मुद्दाम घडवलेलं एक औषध होतं, एनएक्सवाय-०५९. फ्री रॅडिकल पकडणारं, शिरेतून द्यायचं, सहा तासांच्या आत. प्राण्यांवर छान चाललं. २००६ मध्ये पहिल्या मोठ्या चाचणीत माणसांमध्येही थोडा फायदा दिसला. २००७ मध्ये दुसरी चाचणी आली, तीन हजारांहून जास्त रुग्णांची. काही फरक नाही. कंपनीने ते औषध सोडून दिलं. त्याआधी नव्वदीत टिरिलॅझॅड होतं, तेही गेलं. म्हणजे अगदी नेम धरून बनवलेली, थेट शिरेतून, तासांच्या आत दिलेली औषधं हरली. आणि दादाची बाटली दहाव्या दिवशी, तोंडावाटे, पोटातून, यकृतातून फिरत, रक्त आणि मेंदू यांच्यामधली गाळणी ओलांडत जाणार होती. जाळ कधीच विझलेला. पत्रादेवीच्या आसपास कुठेतरी, माझ्या मांडीवर, तो सगळ्यात मोठा होता.

हे कळलं तेव्हा मला रडू आलं. पिवळं सलाईन आठवलं. वेळेत द्यायला हवं होतं ते एकच औषध होतं आणि ते त्या दवाखान्यात नव्हतं. जीवनसत्त्वं होती, म्हणून ती दिली. जे हाताशी आहे ते देऊन ठेवायचं, रिकाम्या हाताने बसायचं नाही, हे डॉक्टरांनी केलं, आईने तेल चोळून केलं आणि दादा बाटली उघडून करू पाहत होता.

सगळी पानं निराशेचीच होती असं नाही. एडारावोन नावाचं फ्री रॅडिकल शोषणारं इंजेक्शन जपानने २००१ मध्येच स्ट्रोकसाठी मान्य केलं, आपल्याकडेही पुष्कळ ठिकाणी वापरतात. आबांच्या शेजारच्या खाटेवर ते चालू होतं. मी न्यूरॉलॉजिस्ट मॅडमना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मी काही जणांना देते. पण ते पहिल्या दिवसापासून, शिरेतून, मुख्य उपचार झाल्यावर. घरी गेल्यावर खायच्या कॅप्सूलशी त्याचा काही संबंध लावू नका.” चीनमध्ये २०२१ मध्ये एडारावोनमध्ये डेक्सबोर्निओल मिसळून केलेली हजारावर रुग्णांची चाचणी आली. ९० दिवसांनी जवळपास पूर्ववत झालेले १०० पैकी ६७, नुसतं एडारावोन घेतलेल्यांत ५९. हा फरक छोटा म्हणता येणार नाही. पण दोन्हीकडे एडारावोन होतंच, त्यामुळे श्रेय जातं ते जोडीला असलेल्या बोर्निओलकडे. ते दाह कमी करतं असं मानतात. बोर्निओल म्हणजे आपल्या भीमसेनी कापरातला मुख्य घटक. (हे वाचून कुणी कापूर खाऊ नये. तो विषारी ठरू शकतो, हे मी हात जोडून सांगते.)

सिटिकोलिनबद्दलही वाचलं, कारण ते आबांच्या कागदावर होतं. २०१२ मध्ये युरोपात २,२९८ रुग्णांवर चाचणी झाली आणि तीन महिन्यांनी डमी औषध घेतलेल्यांत आणि यांच्यात फरक निघाला नाही. मी ते मॅडमना फोन करून विचारलं, त्यांनी एका वाक्यात “बंद करा” म्हटलं. मी विचारलं नसतं तर चालूच राहिलं असतं. मग अँटिऑक्सिडंट कॅप्सूलचंही विचारलं. तीही बंद झाली.

ज्या अभ्यासाने माझं मन पक्कं केलं तो ब्रिटनमधला, २००२ चा. २०,५३६ माणसं, सगळी हृदयविकार, मधुमेह, आधीचा स्ट्रोक अशांमुळे जोखमीची. त्यांची दोन वेगळ्या प्रकारे वाटणी केली होती. एका वाटणीत रोज ६०० मिलिग्रॅम ई, २५० मिलिग्रॅम सी आणि २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन किंवा तशीच दिसणारी डमी गोळी. दुसऱ्या वाटणीत सिम्व्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम (आबांच्या अ‍ॅटोरव्हास्टॅटिनच्याच जातीची, कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गोळी) किंवा डमी. पाच वर्षं. तीच माणसं, तेच डॉक्टर, तोच काळ. जीवनसत्त्वांच्या बाजूला स्ट्रोक कमी झाले नाहीत. सिम्व्हास्टॅटिनच्या बाजूला सुमारे पाव हिश्शाने कमी झाले. हे मी दादाला कागदावर दोन चौकोन काढून दाखवलं.

त्याने लगेच मान्य केलं नाही, आणि करू नये. तो म्हणाला, “उपयोग नसला तरी नुकसान तर नाही ना?” रास्त प्रश्न आहे. माझ्या काउंटरवरही अर्धे लोक हाच विचारतात. उत्तर असं आहे. ई जीवनसत्त्व रक्त थोडं पातळ करतं. २०१० मध्ये नऊ चाचण्या, १ लाख १८ हजारांहून जास्त माणसं एकत्र करून पाहिलं, तेव्हा ई घेणाऱ्यांत गुठळीचे स्ट्रोक सुमारे १० टक्क्यांनी कमी, पण रक्तस्रावाचे २२ टक्क्यांनी जास्त निघाले. माणसांत सांगायचं तर ४७६ जणांनी घेतलं तर एकाचा गुठळीचा स्ट्रोक टळला, १,२५० जणांमागे एकाला जादा रक्तस्राव झाला. वरवर हिशोब फायद्याचा वाटेल. पण रक्तस्रावाचा स्ट्रोक जास्त जिवावर बेततो, आणि गुठळी टाळण्याचं काम बीपीची आणि स्टॅटिनची गोळी त्याहून कितीतरी चांगलं करते. त्यात आबा एस्पिरिनवर. ज्याचं बीपी आधीच बेभरवशाचं आहे आणि जो रक्त पातळ करणारं औषध घेतोय त्याच्या हातात ४०० युनिटचं ई मी ठेवणार नाही. बीटा-कॅरोटीनचंही सांगते, कारण आमच्या बंदरावर विडी ओढणारे पुष्कळ. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना ते दिलं, तर फुप्फुसाचा कर्करोग वाढला. १९९४ साली हे छापून आलंय. तरी ते आजही माझ्या फळीवरच्या खोक्यात आहे.

दादा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मी हंय नव्हतंय. काय तरी करूक नको?”

बाटलीचं खरं कारण तेव्हा मला कळलं. मी त्याला म्हटलं, त्या पैशात फिजिओथेरपिस्टच्या महिन्याभराच्या भेटी होतात, ४०० रुपयांची एक. आणि आबांना शब्द सापडत नाहीत, तर तू रोज संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉल कर आणि त्यांच्याशी वस्तूंची नावं घे. स्पीच थेरपिस्टने तक्ता दिला होता. दादाने दोन्ही केलं. वर्षभरात सहा-सातच संध्याकाळी चुकल्या असतील.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मला सगळ्यात जड जाते. आबांनी स्ट्रोकच्या आधी तीन महिने बीपीची गोळी सोडली होती. मीच दर महिन्याला पाठवत होते, माझ्याच दुकानातून. “माका काय होना नाय, गोळी कित्याक खाव?” म्हणून त्यांनी त्या स्ट्रिपा देव्हाऱ्याच्या खणात ठेवून दिल्या होत्या. तीन स्ट्रिपा, न फोडलेल्या. घरी आणल्यावर आईने मला दाखवल्या. बीपीचा त्रास जाणवत नाही हाच त्याचा दोष, आणि मी मुलगी म्हणून फोनवर “गोळी घेताय ना?” एवढंच विचारत होते. आता भाऊ रविवारी पाठीमागचं फॉइल मोजतो आणि वहीत लिहितो.

मिठाचंही तसंच. कोकणातलं जेवण साधं, मासे-भात, म्हणून आम्ही निश्चिंत. पण पावसाळ्याची बेगमी बघा: खारा बांगडा, सुकट, खारवलेल्या कैऱ्या, लोणचं, पापड, आणि आमच्या घरातला कोकमाचा आगळ. रतांब्याच्या रसात मीठ भरपूर घातल्याशिवाय आगळ वर्षभर टिकत नाही. आबा उन्हातून आले की तो पाण्यात घालून दोन-दोन पेले प्यायचे. लोक मला सांगतात की कोकम अँटिऑक्सिडंटने भरलेलं आहे. आहेच. त्याचा लाल रंग अँथोसायनिनचा, सालीत गार्सिनॉल असतं, प्रयोगशाळेत दोन्हींची तपासणी झालेली आहे. पण स्ट्रोक झालेल्या माणसाला कोकमाने बरं केल्याचं कुणी दाखवलेलं नाही, आणि आगळातलं मीठ बीपी वाढवतं हे मात्र पक्कं आहे. यंदा आईने आबांसाठी बिनमिठाची सोलं वाळवली, लागतील तेवढी रोज भिजवते. चीनमधल्या ६०० गावांत, जवळजवळ २१ हजार लोकांमध्ये, साध्या मिठाऐवजी पाव हिस्सा पोटॅशियमचं मीठ वापरून पाहिलं, २०२१ मध्ये निकाल आला: स्ट्रोक १४ टक्क्यांनी कमी. असं मीठ आता आपल्याकडेही मिळतं. फक्त मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आबांना टेल्मिसार्टन आहे, म्हणून आम्ही ते घेत नाही, मीठच निम्म्यावर आणलं.

गिळण्याचंही सांगून टाकते, कारण घरी कुणी सांगत नाही. स्ट्रोकनंतर पाण्यासारखं पातळ अन्न श्वासनलिकेत उतरू शकतं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. पहिल्याच दिवशी आई प्रेमाने सोलकढी घेऊन आली होती, नर्सने हात धरला. महिनाभर उकड्या तांदळाची घट्ट, घोटलेली पेज, बसवून, हनुवटी खाली करून, चमच्याने. मोठी कॅप्सूल तर त्या दिवसांत घशात अडकली असती.

आईने वेतोबाला केळीचा घड बोलला होता, तो दिवाळीनंतर वाहिला. आबा काठी घेऊन देवळाच्या पायरीपर्यंत स्वतः चालले. उजवा हात अजून बटण लावत नाही.

दुकानातलं ते खोकं मी अजून काढलेलं नाही, कारण चिठ्ठ्या येतात. पण स्ट्रोकच्या रुग्णासाठी कुणी मागितलं तर आधी कागदावरच्या बाकीच्या गोळ्या बघते, बीपीची आहे का, ती रोज घेतात का, फिजिओ सुरू झालं का हे विचारते, आणि मग डॉक्टरांना फोन लावून देते. फोटो दाखवणाऱ्या त्या बाईंना मी एवढंच विचारलं की नवऱ्याचा हात रोज किती वेळ हलवता. त्या म्हणाल्या, “तेवढा वेळ कुठे मिळतो?” मी त्यांना आमच्या फिजिओथेरपिस्टचा नंबर दिला. त्या दिवशी त्यांनी कॅप्सूल घेतली नाही. पुढे घेतली का, माहीत नाही.

काल संध्याकाळी सहाला मी आरवलीलाच होते. ओसरीवर रतांब्यांचा ढीग, आबा डाव्या हाताने फोडत होते, उजव्याने नुसतं दाबून धरत होते. भावाने फोन समोर टेकवून ठेवलेला. दादाने विचारलं, “आबानू, हातात काय हा?”

आबांनी फळाकडे पाहिलं. “तांबडा,” म्हणाले. मान हलवली. “तांबडा... र...” परत थांबले.

पलीकडून दादा काहीच बोलला नाही. त्याने शब्द पुरवला नाही, तसं करायचं नाही हे तो आता शिकलाय. मी घड्याळ बघितलं, जुनी सवय. तीन मिनिटं झाली होती आणि तो वाट बघत होता.